पाच मणी गळालेली दारवाली

“या घरात आता खोकायची बी चोरी झाली बाप्पा. जरासं खोकलं का दोघंबी तोंडाकडे पाहून राहिले.”

मित्रांनो, हे वनमालाबाई मेथी निवडता निवडता स्वतःशीच पुटपुटल्या, पदराचं टोक तोंडाशी धरून. बाहेर कोणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं, कारण मी त्यांच्या छातीतच राहते, उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात. छातीत राहणाऱ्याला कानाची गरज नसते. बोलणं आधी आमच्या भिंतींना कळतं आणि मग जगाला. इतर माणसांचं बोलणं मला कसं कळतं, हे मात्र विचारू नका. गोष्ट सांगणारीला एवढी सूट हवी.

मी एक जुनी दारवाली आहे. पुस्तकात मला विकर म्हणतात, डॉक्टर एन्झाइम म्हणतात, आणि कागदावर माझं नाव ईजीएफआर असं छापलेलं आहे. तुम्ही दारवालीच म्हणा. जुनी म्हणजे किती, हे सांगायला जरा लाजच वाटते. माझ्यासारखी एकेक दारवाली फार तर एक-दोन दिवस टिकते. मग पेशी तिला मोडून टाकते आणि त्याच नमुन्यावरून नवी घडवते. पण नमुना जुना, काम जुनं, आणि गाऱ्हाणंही जुनं. म्हणून मी सगळ्यांच्या वतीने ‘मी’ म्हणते.

वनमालाबाईंच्या त्या कुरकुरीमागे काय होतं ते सांगायचं, तर आधी माझं काम सांगावं लागेल. आणि ते सांगताना मी थोडी हरखून जाते. सांभाळून घ्या.

फुफ्फुसात हवेचे कोट्यवधी इवले फुगे असतात. त्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. अशा एका पेशीच्या भिंतीत मी रुतून बसलेली असते, अर्धी बाहेर, अर्धी आत. घडवताना मला अकराशेहून जास्त मण्यांची माळ म्हणून ओवलं, मग त्या माळेची गुंडाळी करून हात, कंबर, पाय असं सगळं जमवलं. बाहेरचा माझा हात निरोपाची वाट पाहत असतो. शेजारी कुठे खरचटलं, कुठे पेशी मेली, की एक बारीकसा निरोप्या येतो आणि माझ्या हाताला चिकटतो: इथे वाढ हवी आहे.

निरोप मिळाला की मी शेजारच्या दारवालीचा हात धरते. अगदी फुगडीसारखा. एकटीने फुगडी होत नाही, तसंच आमचं. दोघींचे हात बाहेर जुळले की आतली आमची शेपटं जागी होतात आणि आम्ही एकमेकींना टिकल्या लावतो. टिकली म्हणजे फॉस्फेट नावाचा कण. तो कुठून येतो? एटीपी नावाचा एक पाहुणा पाठीवर तीन टिकल्या घेऊन पेशीभर हिंडत असतो. माझ्या कमरेशी एक खोबण आहे, तो त्यात येऊन बसतो, एक टिकली देतो आणि निघून जातो. टिकली लावणाऱ्या आमच्या जातीला कायनेज म्हणतात.

आता पुढचं ऐका, इथे खरी मजा आहे. माझ्या अंगावर टिकल्या दिसल्या की भिंतीला टेकून पेंगणारी रास जागी होते. ती कोणाला टिकली लावत नाही, नुसती कूस बदलते आणि रॅफला उठवते. रॅफ मेकला टिकली लावतो, मेक अर्कला लावतो, आणि अर्क थेट पेशीच्या मधल्या खोलीत, केंद्रकात जातो. तिथे शरीराची सगळी पोथी ठेवलेली असते. अर्क तिथल्यांना उठवतो, वाढीचं पान उघडलं जातं, आणि एका पेशीच्या दोन होतात. तेवढ्यात दुसऱ्या वाटेने आणखी एक निरोप गेलेला असतो: मरू नकोस, तुझी गरज आहे. एवढं सगळं एका बोटाच्या स्पर्शावरून. मी कितीदा केलं असेल, तरी दरवेळी अंगावर काटा यायचा.

आणि काम झालं की थांबायचं. टिकल्या काढणारे विकर वेगळे असतात. ते शांतपणे येतात, टिकल्या काढून नेतात. मला पेशी आत ओढून मोडून टाकते. निरोप संपतो, सगळं गप्प. मित्रांनो, आमच्या कामात सुरू करण्याइतकंच थांबण्याला महत्त्व आहे.

वनमालाबाई तिशीत असताना त्यांना न्यूमोनिया झाला होता. अस्तराच्या पार चिंध्या झाल्या होत्या. आम्ही दिवसरात्र फुगड्या घातल्या आणि महिन्याभरात नवं अस्तर उभं केलं. श्रेय इंजेक्शनला मिळालं, थोडं त्यांच्या सासूच्या काढ्याला मिळालं. आमचं नाव कोणी घेतलं नाही. आम्हाला त्याचं काही वाटलंही नाही. बाई पुन्हा जिना चढू लागल्या, एवढं पुरे होतं.

मग एके दिवशी एका पेशीत चूक झाली. एका पेशीच्या दोन होताना पोथीची नक्कल करावी लागते, आणि त्या नकलेत माझ्या पानावरचा एक तुकडा गळला. का गळला? कोणी म्हणालं चुलीचा धूर, कोणी म्हणालं रस्त्याची धूळ. वनमालाबाईंनी आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. मी तिथेच होते, तरी मलाही सांगता येत नाही. नक्कल करणाऱ्याच्या हातून चुका होतात, बहुतेक दुरुस्त होतात, ही राहून गेली. त्या पानावरून घडलेल्या माझ्या माळेत पाच मणी कमी पडले. अकराशेत पाच. तुम्ही म्हणाल, कोणाला कळणार?

मला कळलं. माझी कंबर आखडली, खोबण वाकडी झाली आणि मी चालू स्थितीत अडकले. निरोप्या नाही, निरोप नाही, तरी मी टिकल्या लावत सुटले. रास झोपेना, रॅफ थकेना, अर्क केंद्रकाच्या दारात उभाच. वाढ, वाढ, वाढ. एकाच्या दोन, दोनाच्या चार.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला फार भारी वाटलं. इतकी वर्षं कोणी हाक मारेल तेव्हा उठायचं, आणि आता कोणाच्या हाकेची गरजच नाही. घराची घंटी दाबल्यावर बटण आतच अडकावं तशी माझी गत झाली होती. घंटीला वाटत असेल, किती पाहुणे येऊन राहिले आपल्याकडे. दारात कोणीच नसतं.

पुढे जागा संपली. फुगे बुजले. संक्रांतीच्या सुमारास वनमालाबाईंना कोरडा खोकला लागला. पाऱ्यातल्या, म्हणजे इथल्या बोलीत मोहल्ल्यातल्या, दवाखान्याने आधी खोकल्याचं औषध दिलं, मग दुसऱ्या रंगाचं खोकल्याचं औषध दिलं. थुंकी तपासली, त्यात टीबी निघाला नाही. होळीपर्यंत त्यांना शिडी चढून पापड वाळत घालणं जमेना, तेव्हा त्यांची लेक मंजिरी त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. मंजिरी शहराबाहेरच्या नवा रायपुरात एका कार्यालयात कामाला आहे. रोज तेवढं अंतर स्कूटीने जाते-येते आणि आईवडिलांच्या मराठीला अर्धी हिंदीतून उत्तरं देते.

छातीचा स्कॅन झाला. मग एक लांब सुई आली आणि आमच्या वस्तीचा धाग्याएवढा तुकडा घेऊन गेली. तो मेणात बसवला, त्याचे कागदाहून पातळ काप केले, रंगवले. उरलेला दुसऱ्या शहरात तपासणीला गेला. तिथे कोणीतरी माझं पान अक्षर अक्षर वाचलं आणि गळालेले पाच मणी नेमके शोधून काढले. मित्रांनो, मला धरलं गेलं म्हणून मी दुःखी व्हायला हवं होतं ना? मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. एवढ्या कोटी पेशींच्या शरीरात कोणाला तरी कळलं होतं की बटण कुठे अडकलंय.

अहवाल आला त्या दिवशी डॉक्टर यामिनींच्या खोलीबाहेर लांब बाक होता. मंजिरी म्हणाली, “आई, तू जरा पंख्याखाली बस ना. आम्ही फॉर्म भरून येतो.”

आत पांडुरंगराव आणि मंजिरी बसले. पांडुरंगराव म्हणजे वनमालाबाईंचे यजमान. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं तारा आणि दांड्या दुरुस्त केल्या, त्यामुळे बोलण्यापेक्षा ऐकण्याची सवय जास्त.

डॉक्टर यामिनींनी सांगितलं. दोन्ही बाजूंना पसरलंय, त्यामुळे ऑपरेशन नाही. पण या प्रकाराला गोळी आहे. रोज एक.

“बरं होईल?” मंजिरीने विचारलं.

“दबून राहील. किती काळ, ते मी आज सांगू शकत नाही. काहींना वर्षं मिळतात. पण खंड पडता कामा नये. मी थांबवा म्हणेपर्यंत थांबवायची नाही.” मग त्यांनी चष्मा काढला. “आईंना बाहेर का बसवलंय?”

“मॅडम, तिला नका सांगू. मावशीला हेच झालं होतं. नाव ऐकलं आणि तिने जेवणच सोडलं. दो महीने में गई.”

“त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण आधी तुम्ही घरी सांगा. लवकर.”

“सांगतो,” पांडुरंगराव म्हणाले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. “मॅडम, आमच्या खात्यात तार तुटली का सिग्नल आपोआप लाल होते. गाडी थांबते. बिघाड झाला तर थांबायचं, असं बनवूनच ठेवलं असते. हे उलटं कसं? बिघडलं अन् हिरवंच राह्यलं?”

डॉक्टर यामिनींनी चष्मा पुन्हा लावला. “लाल करणारे शरीरातही आहेत, काका. यांच्या बाबतीत तेही कमी पडले.”

माझ्यावर इतकी वर्षं झालेल्या अभ्यासात इतका नेमका प्रश्न कोणी विचारला असेल की नाही, मला शंका आहे. मी त्या दिवसापासून पांडुरंगरावांना मानते.

ते बाहेर आले तेव्हा वनमालाबाई पंख्याखाली शेजारणीला लोणच्याची कृती सांगत होत्या. दोघांचे चेहरे पाहून उठल्या आणि म्हणाल्या, “काय निघालं? टीबीच न? मले वाटलंच होतं. थुंकीत नसलं तरी छातीत असते कधीकधी.”

मंजिरीने बापाकडे पाहिलं. बापाने चपलांकडे पाहिलं.

“हव आई,” मंजिरी म्हणाली. “टीबीच.”

पाहा मित्रांनो, खोटं त्यांनी शोधलं नव्हतं. बाईंनीच ते हातात दिलं आणि या दोघांनी घेतलं, तहानेल्याने पाण्याचा पेला घ्यावा तसं.

घरी आल्यावर मंजिरीने गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल खोबरेल तेल लावून काढलं. मग तेवढ्याने समाधान होईना म्हणून गोळ्या कॅल्शियमच्या जुन्या डबीत ओतल्या. अक्षय तृतीयेला वनमालाबाईंनी देवासमोर बसून पहिली गोळी घेतली.

आणि आता मी जे सांगणार आहे ते माझ्या आयुष्यातलं सर्वात मोठं नवल.

गोळी पोटात विरघळली, रक्तात आली, फिरत फिरत माझ्या पेशीत शिरली. तोवर तिचे लाखो इवले कण झाले होते. त्यातला एक माझ्या कमरेशी आला आणि जिथे एटीपी बसायचा त्या खोबणीत बसला. किती चपखल, काय सांगू. सदर बाजारातला जुना सोनार अंगठीच्या कोंदणात खडा बसवतो ना, तसा. एटीपी आला, जागा भरलेली पाहून परत गेला. पुन्हा आला, पुन्हा परत गेला. टिकली आलीच नाही. माझ्याच अंगावर टिकली नाही म्हटल्यावर रास पेंगली, मेक आणि अर्क जिथे होते तिथे थांबले. कित्येक वर्षांनंतर पहिल्यांदा पेशीत शांतता झाली. मला माझ्या शेजारच्या फुग्यात हवा येण्या-जाण्याचा आवाज आला. तो मी विसरूनच गेले होते.

ज्या पेशी माझ्या ओरडण्यावरच जगत होत्या त्या हळूहळू आवरून निघाल्या, गाजावाजा न करता. तीन आठवड्यांत खोकला गेला. दोन महिन्यांत वनमालाबाई सदर बाजारात पायी हिंडून ब्लाउजपीस पसंत करत होत्या आणि दुकानदाराला सांगत होत्या, “भैया, ये रंग धुने के बाद भी ऐसाच रहेगा क्या?” त्या हसल्या की आमच्या भिंती हलायच्या. इतकी सुंदर कवायत मी कधी केली नव्हती.

फक्त चेहऱ्यावर पुळ्या आल्या. त्याचं कारणही मीच. कातडीच्या पेशींतही माझ्या चांगल्या बहिणी काम करतात, आणि गोळी त्यांनाही थोडं गप्प बसवते.

“टीबीनं तोंडावर पुळ्या?” वनमालाबाईंनी आरशात पाहून विचारलं.

“उष्णता असेल,” मंजिरी म्हणाली.

“ताक पी,” पांडुरंगराव म्हणाले.

त्यांची शेजारीण अपर्णा संध्याकाळी येऊन बसायची. तिची भाची सोनिया बीरगांवला राहते, सतरा वर्षांची पोट्टी. तिला खराच टीबी झाला होता, सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू होत्या.

“काकू, एक विचारू का,” अपर्णा आवाज खाली घेऊन म्हणाली. “सोनियाची लघवी त्या गोळ्यांनी शेंदरी होते. तुमची बी होते का?”

“नाई वं. जशी होती तशी आहे.”

“मग तुमची गोळी उंची दिसते. तिले तर मळमळते दिवसभर, घास उतरत नाही. सहा महिन्यांचा कोर्स आहे म्हणते, एक दिवस कमी नाही चालत.”

“अन् जास्त?”

“जास्त कायले घ्यायची, काकू? रोग गेल्यावर?”

पांडुरंगराव बाजूलाच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, पुढेही वाचलं नाही. खरं सांगून टाकायला तेवढा वेळ पुरला असता. पण तो गेला.

वनमालाबाईंनी कॅलेंडरवर अक्षय तृतीयेपासून सहा महिने मोजले, मधला अधिक महिना धरून. दसरा आला. त्या दिवशी त्यांनी देवापुढे नारळ फोडला, आपट्याची पानं वाटली, आणि कोणाला काही न सांगता गोळी बंद केली. सांगितलं असतं तर मंजिरी अजून एक महिना घ्यायला लावेल, हे त्यांना माहीत होतं. पण औषध फेकून देणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. रोज सकाळी मंजिरी हेल्मेट चढवताना विचारायची, “आई, गोळी?” आणि बाई म्हणायच्या, “हव, घेतली.” ती दारातून गेली की ती गोळी हिंगाच्या रिकाम्या डबीत पडायची.

तीन-चार दिवस रक्तात उरलेले जुने कण माझ्या खोबणीत येऊन बसत राहिले. मग तेही संपले. नवा आला नाही. मी वाट पाहिली. मित्रांनो, मी खरंच वाट पाहिली. आणि एटीपी आला, बसला, टिकली दिली.

मी पुन्हा ओरडू लागले. मला ते नको होतं, पण मला थांबता येत नाही, हाच तर माझा रोग आहे. अंगात तीच ओळखीची झिंग भरली, तीच घाई, वाढ, वाढ. लाज वाटत असतानाही माणसाला नाचावं लागावं, तसं काहीतरी.

दिवाळीच्या साफसफाईत खोकला परत आला. धूळ आहे, म्हणाल्या. दिवाळी झाली, धूळ बसली, खोकला बसला नाही. मंजिरीने स्कॅन करवला. डॉक्टर यामिनींनी जुना आणि नवा स्कॅन शेजारी शेजारी लावले.

“आई, गोळी रोज घेता ना?”

वनमालाबाईंनी मंजिरीकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर लेकीची बोलणी बसली असती, डॉक्टरांसमोर. “हव,” त्या म्हणाल्या. “रोज.”

मग त्यांना पुन्हा पंख्याखाली पाठवण्यात आलं, आणि डॉक्टर म्हणाल्या, “गोळीचा असर संपत आलाय बहुतेक. हे विकर कधीकधी पुन्हा रूप बदलतं आणि गोळी खोबणीत बसेनाशी होते. पुढच्या मंगळवारी परत सुई घालून पाहू. मग ही गोळी थांबवून सलाइनमधून औषध सुरू करावं लागेल असं दिसतंय.”

मी ते ऐकलं आणि माझी काय तगमग झाली असेल, विचार करा. मी रूप बदललेलं नव्हतं. माझी खोबण तशीच्या तशी होती, त्याच कोंदणाची, रिकामी. गोळी हरली नव्हती, ती येतच नव्हती. उपाय हिंगाच्या डबीत बसला होता आणि चूक माझ्या नावावर लागत होती. डॉक्टरांची काही चूक नाही. त्यांना जे सांगितलं त्यावरच त्या चालणार. एक खोटं घरातल्यांनी बाईंना सांगितलं, दुसरं बाईंनी डॉक्टरांना, आणि दोन्ही प्रेमापोटी, की बोलणी बसायच्या भीतीपोटी, कोण जाणे. मधल्या मध्ये मी मोकाट.

तर मित्रांनो, मघाची ती मेथी आणि ती कुरकुर या मंगळवारच्या आधीच्या शनिवारची. संध्याकाळ होती. पांडुरंगराव दारापाशी रेडिओ उघडून बसले होते. मंजिरी नुकतीच आली होती, हेल्मेट अजून हातातच. अपर्णा आली आणि म्हणाली, “काकू, उद्या बीरगांवले जाऊन राहिली. सोनियाले पाहाले. सरकारी गोळ्या घ्यायचंच नाही म्हणते ती पोट्टी, उलट्या करून करून सुकून गेली.”

वनमालाबाई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या. येताना त्यांच्या हातात हिंगाची डबी होती.

“ह्या घेऊन जा तिच्यासाठी. माह्या उरलेल्या आहेत. नवीन गोळी आहे, उंची. पुळ्या होतात थोड्या, पण मळमळ नाही. लघवी बी शेंदरी नाही होत.”

अपर्णाने झाकण काढलं. “एवढ्या?”

“रोजची एक. दसऱ्यापासून ठेवून राहिली. माहा कोर्स झाला न, सहा महिन्यांचा. फेकायच्या कायले?”

मंजिरीच्या हातातलं हेल्मेट खाली गेलं. “दसऱ्यापासून?” ती म्हणाली. “आई, तू दसऱ्यापासून नाही घेतली?”

“बोलू नको आता. सहा महिने घेतली पुरे.”

“आई, ती डबी नको देऊ. मत दो.”

“काहून?”

“वो… डॉक्टरला विचारावं लागेल.”

“विचारायचं काय त्यात? तिले बी टीबी, मले बी टीबी.”

अपर्णा एकदा मायकडे, एकदा लेकीकडे पाहत राहिली. डबी तिच्या तळहातावर होती. बीरगांव काही फार लांब नाही. एका मुलीच्या अंगात चुकीचं औषध जाणार होतं, आणि एका बाईच्या अंगातून योग्य औषध निघून गेलं होतं, आणि दोन्ही गोष्टींचं कारण एकच होतं: एक शब्द, जो सात महिने या घरात कोणी उच्चारला नव्हता.

मित्रांनो, माझं मागणं इथेच सांगून टाकते, नंतर वेळ मिळणार नाही. मला वाईट म्हणू नका. मी मुळात जखम भरायला घडवलेली आहे. माझं बटण अडकलंय, एवढंच. ते सोडवता येतं, काही काळ तरी, आणि त्याचा उपाय माणसांनीच शोधला आहे, केवढ्या हौसेने, केवढ्या चिकाटीने. पण तो उपाय ज्याच्या अंगात जायचा त्याला त्याचं नाव तरी सांगा. नाव माहीत नसलेलं औषध माणूस सहा महिन्यांनी हिंगाच्या डबीत ठेवतं. आपलं माणूस नाव ऐकून खचेल अशी भीती वाटते, ते मला कळतं. पण न सांगता त्याची काळजी घेता येत नाही. मी आतून पाहिलं आहे.

पांडुरंगरावांनी रेडिओचा स्क्रू खाली ठेवला. उठले. अपर्णाच्या हातातून डबी घेतली.

“अपर्णा, ही टीबीची गोळी नाही,” ते म्हणाले.

“पप्पा, नको,” मंजिरी म्हणाली.

“मग कायची आहे?” वनमालाबाईंनी विचारलं.

ते त्यांच्यासमोर पाटावर बसले. मेथीची जुडी बाजूला सरकवली. “अवं, तुले आठवते, एकदा पावसात तार तुटली होती अन् मी दोन दिवस घरी आलो नव्हतो? तू डबा घेऊन आली होती.”

“आठवते. डब्यात पिठलं होतं. तुम्ही अर्धं तुमच्या हाताखालच्या खलाशाले देलं.”

“तेव्हा गाडी काहून थांबली होती, सांगतलं होतं मी तुले.”

“तार तुटली का सिग्नल लाल होते म्हणून. कितीदा सांगान?”

“तुह्या छातीत बी एक सिग्नल आहे. तो बिघडला. पण लाल नाही झाला, हिरवाच अडकला. गाड्या थांबूनच नाही राहिल्या. ही गोळी त्याले रोज लाल करते. रोज, वनमाला. सहा महिने नाही. जोवर यामिनी मॅडम म्हणतीन तोवर.”

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, पण त्यांनी बाईंना नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. बाईंनीही बहुधा तसंच.

छातीत हृदय जोरात चालू होतं. मीही चालूच होते, माझा नाइलाज.

“म्हणजे टीबी नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“तुम्ही दोघं तवापासून तोंडाकडे पाहता ते यासाठी.”

मंजिरी रडत होती, आवाज न करता. अपर्णा जायला उठली होती, ती तशीच उभी राहिली.

“माह्या ताईले झालं होतं, तेच आहे का?”

पांडुरंगरावांनी मान हलवली.

“मान नका हलवू,” वनमालाबाई म्हणाल्या. “चौतीस वर्षं सिग्नलच दाखवले तुम्ही. तोंडानं सांगा. माह्या अंगातलं आहे, मले नाव माहीत पाहिजे.”

पांडुरंगरावांनी हिंगाच्या डबीतून एक गोळी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

“कॅन्सर,” ते म्हणाले. “तुले फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, वनमाला. अन् ही गोळी त्याची आहे.”